सगळं पोरीनंच केलं

मी रुखवत करते. लग्नात मांडवाच्या एका कडेला, नवरीच्या हातचं म्हणून जे मांडून ठेवतात ते. काडेपेटीच्या काड्यांचा बंगला, लोकरीचे ससे, डाळी चिकटवलेलं तुळशीवृंदावन, बांगड्यांचा झोपाळा. दिग्रस आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांत यातलं बरंच माझ्या हातचं असतं, पण मांडवात ते माझं नसतं. मुलाकडच्या बायका बघायला आल्या की नवरीची आई पदर सावरून म्हणते, "सगळं पोरीनंच केलं." कोणी मलाच विचारलं तर मीही तेच म्हणायचं, हा आमच्या कामातला जुना रिवाज आहे. एका नवरीला सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि तिच्या सासूनं मी भरलेला रुमाल सगळ्या मांडवात फिरवला. मी मागे उभी राहून मान डोलावत होते. पंचवीस वर्षं मी अशीच मान डोलावत आले.

गाण्यांच्या व्हिडिओत मी शिरले ती आमच्या गल्लीतल्या ऑटोवाल्यामुळे. तो गाणी रचतो, म्हणतो, आणि मोबाइलवरच्या आपल्या चॅनलवर टाकतो. त्याचा एक मित्र लग्नांचं शूटिंग करतो. गाण्याच्या कामात त्या मित्राला सगळे डायरेक्टर म्हणतात आणि तोही लगेच ओ देतो. हे दोघं एक दिवस दारात आले. गाण्यासाठी सजवलेली बैलगाडी पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, करून देते, त्यात काय!

आठ दिवस खपून मी गाडी केली. आइस्क्रीमच्या काड्यांची बसायची साटी, बांगड्यांची चाकं, मखमलीचे बैल, त्यांच्या शिंगांना गोंडे. ओट्यावर त्या दोघांपुढे ठेवली.

"काकू," गाणारा म्हणाला, "याच्यात हिरोइन बसवाची हाय."

गाडी एक हात लांब होती. रुखवतात सगळं जग हातभरच असतं, त्यामुळे गाडी म्हटल्यावर केवढी, हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नव्हता. चूक माझी होती, म्हणून चिडलेही मीच. "मंग आधी सांगाले काय झालतं? माप नोको सांगाले?" मी ओरडले. डायरेक्टर मात्र तेवढ्यात ओट्यावर पालथा पडला होता. कॅमेरा जमिनीला टेकवून तो त्या गाडीकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर ठेवली, मी दोऱ्यानं ओढली, आणि गाण्यात ती दूरच्या झाडांखालून चाललेली खरी गाडी दिसली. अजून लोक विचारतात, इतके देखणे बैल कोणाचे होते.

मग मला नादच लागला. दोन टोपली तोंडाला तोंड लावून, वर जुनं धोतर ताणून, आत बल्ब टाकून मी चांद केला. झाडायचे फडे सोलून मोर केला. प्लायवूडची गिटार केली, तिला तारा म्हणून मासे पकडायचा दोरा. गादीवाले चाचा उरलीसुरली रुई देतात आणि सोबत सल्लाही देतात. चांद बघून ते म्हणाले, "आपा, इत्ता गोल नई रहता. थोडा एक बाजू से दबाव." मी दाबला. खरंच बरा दिसला. घरात मात्र पाय ठेवायला जागा उरली नाही. नवरा रोज मोराला ओलांडून आंघोळीला जायचा आणि रोज त्याला काहीतरी बोलायचा.

या सगळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. व्हिडिओच्या शेवटी नावं येतात ना, गीत कोणाचं, कॅमेरा कोणाचा, त्यात माझं नाव. आयुष्यात एकदा माझ्या कामाखाली माझं नाव मला बघायचं होतं. नवऱ्याला हे सांगायची लाज वाटली, पण डायरेक्टरला मी सांगून टाकलं. आधीच्या गाण्यांत त्यांनी कोणाचीच नावं टाकली नव्हती. तो म्हणाला, "या कापसाच्या गाण्यात टाकतो न काकू. मोठ्या अक्षरात."

कापसाच्या गाण्याची गंमत अशी की ते सुचलं चैतात. हिरोइन पांढऱ्याशुभ्र कापसात उभी राहून नाचणार, असं गाणाऱ्यानं लिहून ठेवलं होतं, आणि शेतात नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या. कापूस केव्हाच वेचून जिनिंगमध्ये गेलेला. डायरेक्टर डोकं खाजवत म्हणाला, "काकू, लावता येईन काय?"

मी माहेरी लहानपणापासून कापूस वेचलेला आहे. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघतात, ते मला सांगायला नको. वेचलेला कापूस परत झाडाला लावायचा, असं कोणी मला तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याला विहिरीत ढकललं असतं. पण आता मी मैद्याची खळ शिजवली, चाचांकडून रुईचं पोतं आणलं आणि आर्णी रोडवरच्या एका शेतात जाऊन बसले. कॅमेऱ्यात दिसतील तेवढ्याच ओळी, तरी तीन सकाळी गेल्या. प्रत्येक वाळक्या बोंडात थोडी खळ, मग रुई चिमटीनं ओढून लोंबती ठेवायची. फुटलेला कापूस जरा खाली ओघळतो, गोळा करून चिकटवला तर दवाखान्यातल्या कापसासारखा दिसतो.

मदतीला हिरोइन होती. ती आमच्याच गल्लीतली, नर्सिंग शिकते, नाचते अशी की बघत राहावं. हातकामात मात्र आनंदीआनंद. तिनं लावलेला कापूस बोंडापेक्षा तिच्या ओढणीलाच जास्त चिकटायचा. दुसऱ्या दिवशी मी तिला फक्त खळीचं भांडं धरायला ठेवलं.

रस्त्यानं जाणारा एक म्हातारा सायकल टाकून धुऱ्यावर आला. "कोनतं बियानं होय व बाई? चैतात फुटून राह्यलं!"

"बियानं नाई बाबाजी. वेचलेला परत लावून राह्यलो."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पोत्याकडं. "लोकायले वेचाले मजूर भेटत नाई," तो म्हणाला, "अन् तुमी लावत बसल्या." तो गेला आणि अर्ध्या तासात निम्मं गाव घेऊन आला. बायका बोंडांना हात लावून बघत होत्या, कोणी तोंडावर पदर धरून हसत होत्या. डायरेक्टर कॅमेऱ्याची जागा ठरवत त्यांच्यातूनच फिरत होता. कोण काय विचारत होतं, मी काय उत्तर देत होते, माझं लक्ष नव्हतं. ऊन चढायच्या आत दोन ओळी संपवायच्या होत्या.

गाणं आलं तेव्हा मी नवऱ्याच्या मोबाइलवर पाहिलं. कापूस इतका खरा दिसत होता की मला स्वतःचीच नजर लागेल असं वाटलं. पोरगी त्यात वाऱ्यासारखी फिरत होती. शेवटी नावं यायला लागली. गीत, गायक, कॅमेरा, आणि मग मोठ्या अक्षरात "सर्व हस्तकला". त्यापुढं नाव त्या पोरीचं होतं.

मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. नवरा म्हणाला, "काय शोधून राह्यली?" मी म्हटलं, "काही नाही," आणि पायात चपला घातल्या.

ऑटो स्टँडवर जाऊन मी त्या दोघांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चार ऑटोवाले भाडं सोडून ऐकत उभे राहिले. माझा दम संपल्यावर डायरेक्टर हळूच म्हणाला, "काकू, शेतात त्या बायायनं इचारलं न, हे कोनं केलं म्हून. तवा तुमीच त म्हनलं, सगळं पोरीनंच केलं. तिच्याकडं हात करून. मी दोनदा आयकलं. मले वाटलं तुमालेच तिचं नाव पाह्यजे."

म्हटलं असणार. नक्कीच म्हटलं असणार. बायकांचा घोळका, समोर खळीचं भांडं धरलेली पोरगी आणि "कोनं केलं व?" एवढं कानावर पडल्यावर माझी जीभ मला विचारायला थोडीच थांबते? नावासाठी जीव टाकणारी मी, आणि नाव दुसऱ्याला देणारीही मीच. हसावं की रडावं कळेना.

गाणारा बिचारा म्हणाला, "काढतो न काकू. नाव बदलून परत टाकतो." पण टाकलेलं काढलं की बघणाऱ्यांचा आकडा पुन्हा शून्यावर येतो, हे मला त्यानंच पूर्वी सांगितलं होतं. त्याचं पहिल्यांदाच एखादं गाणं चाललं होतं. बस स्टँडवर पोरं ते वाजवत होती. मी म्हटलं, राहू दे. घरी येऊन मात्र कणीक तिंबता तिंबता रडले. नवऱ्यानं विचारलं तर कांद्यावर ढकललं. कांदा घरात नव्हता, ते त्यानंही पाहिलं.

पंधरा-वीस दिवसांनी ती पोरगी दारात आली, तोंड उतरलेलं. तिला बघायला वणीचे पाहुणे येणार होते. मुलगा तिकडं कोळसा खाणीत नोकरीला. त्यांनी गाणं पाहिलं होतं, नावंही वाचली होती. मुलाच्या आईनं निरोप पाठवला होता की रूप तर चांगलंच आहे, पण मला पोरीचे हात आवडले.

"काकू, आता त्यायनं काई कराले लावलं त?" ती रडकुंडीला आली होती. "अन् नाव त तुमचं पाह्यजे होतं. मले डायरेक्टरनं सांगतलं."

"येडी का तू?" मी म्हटलं. "तुह्यं रुखवत मी करतो. सगळ्याच पोरीयचं मीच करतो. आजपर्यंत एकीचं बी बिंग फुटलं नाई. तू चूप बस, मी चूप बसतो." मी हे मनापासून म्हटलं. नावाचा विषय मी संपवला होता.

पाहुणे आले त्या दिवशी तिच्या आईनं मला पोहे करायला बोलावलं. मुलाची आई धिप्पाड, आवाज मोकळा, खोलीत आल्या आल्या खोली भरून टाकणारी. मी बशा घेऊन बाहेर गेले तेव्हा ती पोरीला विचारत होती, "तो कापूस इतका खरा कसा दिसून राह्यला व बाई? कसा चिकटवला?"

मी पोरीमागे जाऊन उभी राहिले. "खळ," मी ओठांतल्या ओठांत म्हटलं.

पोरगी म्हणाली, "मी नाई केलं. या काकूनं केलं. मले खळ बी शिजवता येत नाई."

तिच्या आईच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी घाईघाईनं एक बशी मुलाच्या हातात कोंबली. चांगलं चालून आलेलं स्थळ माझ्या नावापायी चाललं, एवढंच डोक्यात आलं. त्या क्षणी मला ते नाव नको होतं, खरंच नको होतं. "नाई नाई," मी म्हटलं, "असंच म्हनते ते, लाजते. सगळं पोरीनंच..."

मुलाच्या आईनं हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाली, "माह्या रुखवतात लोकरीचा ससा होता. सुनंनं केला म्हून माह्या सासूनं तो मरेपर्यंत काचेच्या कपाटात ठेवला. येईन त्याले दाखवे. म्या तो केलाच नोता. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं केलता."

कोपऱ्यातून तिचा नवरा म्हणाला, "हे मले आज समजून राह्यलं?"

"तुमाले कायले सांगाचं?"

मग जो हशा पिकला! पोरीच्या आईनंही कबूल केलं, आपला भरतकामाचा मोर वहिनीनं भरला होता. मुलाची आत्या म्हणाली, आपल्याकडं तर सगळं भाड्यानं आणलं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिलं. नवरा मुलगा बिचारा पोह्याची बशी धरून एकेकीच्या तोंडाकडं बघत होता. पोरगी हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती.

हसणं ओसरल्यावर मुलाची आई दिवाणावर जरा सरकली आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "त्या ससेवालीचं नाव बी मले आठवत नाई आता. कदी इचारलंच नाई. या, बसा इथं. तुमचं नाव काय व बाई?"

मी उरलेल्या बशा खाली ठेवल्या, तिच्याशेजारी बसले आणि नाव सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकू गेलं नाही. ती म्हणाली, "जोरानं सांगा." मग मी जोरानं सांगितलं. आधी माझं, मग बापाचं, मग नवऱ्याचं, आणि शेवटी माहेरच्या गावाचंसुद्धा, कोणी विचारलेलं नसताना.