लाईट इली की

मालवणात भारनियमनाविरुद्ध सह्या गोळा करत मी दारोदार फिरत होतो. खाडीजवळच्या एका घरात एकट्याच राहणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिलं. "माझी सही नको."

कोपऱ्यात इन्व्हर्टर दिसला. दुबईच्या मुलाने बसवून दिलेला. मी चिडलो. "तुमची सोय झाली, मग दुसऱ्यांचं तुम्हाला काय?" ते खाली वाकून चटया अंथरत होते, एक नाही, पाच.

सातला लाईट गेली. मी पायरीवरच अडकलो. तेवढ्यात शेजारच्या बायका-पोरं मालिका बघायला आली. "फुडे बसा गो," म्हणत म्हाताऱ्या गृहस्थांनी टीव्ही लावला. इन्व्हर्टरला त्यांनी दिवा, पंखा जोडलाच नव्हता. बॅटरी मालिका संपेपर्यंत पुरायला हवी. त्यांचं लक्ष मात्र पडद्याकडे नव्हतं, माणसांकडे होतं.

मालिका अर्ध्यावर असताना लाईट आली. "येतंव हां आबानू, घराक लाईट इली," म्हणत सगळी उठून गेली.

"बघलंस?" ते मला म्हणाले. "लाईट इली की माणसां जातत."

चटया गुंडाळून झाल्यावर त्यांनी पेन मागितलं. "लोकांका लाईट व्हयी, ता खरा." सावकाश सही केली. मग हळूच विचारलं, "ह्या लगेच होवचा नाय मा?"

"नाही आबा, सरकार लगेच कुठे ऐकतं?" मी म्हणालो. याच गोष्टीवर मी रागाने पानंच्या पानं लिहिली होती. त्या संध्याकाळी त्यांना द्यायला माझ्याकडे तेवढाच दिलासा होता.