बाबांच्या कार्डावरचं पुस्तक

आईचा फोन आला तेव्हा इथे जपानात, इचिकावात, सकाळचे पावणेदहा वाजले होते, म्हणजे तिकडे सव्वासहा. इतक्या लवकर ती कधी फोन करत नाही. अडीच महिन्यांपूर्वी याच सुमारास तिने बाबा गेल्याचं सांगितलं होतं.

"घाबरू नको," ती म्हणाली. "नऊ सह्या झाल्या. दहावी अडून राहिली."

बाबा बंगालमधल्या एका रेल्वेच्या गावात, वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्तीला आठ महिने उरले असताना गेले. आता आईला रेल्वेचं क्वार्टर सोडून नागपूरला मामाकडे जायचं होतं. घराचा ताबा परत देण्याआधी एका कागदावर दहा खात्यांच्या सह्या लागतात: वीज, पाणी, दवाखाना, सहकारी भांडार आणि असेच बाकीचे. या माणसाकडे आमचं काही राहिलेलं नाही, असं प्रत्येकाने लिहून द्यायचं. ताबा शनिवारी होता. शुक्रवारी सुट्टी. मामा सामान न्यायला टेम्पो ठरवून येऊन बसला होता. त्या दिवशी गुरुवार होता.

"दहावी कुणाची?"

"लायब्ररीची. तुझ्या बाबांच्या कार्डावर एक पुस्तक आहे म्हणे." ती हसली. "मी म्हटलं, बाबू, तुमची वही चुकली. हा माणूस पेपरातलं भविष्यसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा."

मी हसले नाही. "कोणतं पुस्तक?"

"मराठी. समुद्रावरच्या प्रवासाचं काहीतरी. हिरव्या रेक्झिनचं."

आमच्या गावातली सगळी जुनी पुस्तकं रेक्झिनमध्ये बांधलेली असत. डब्यांच्या आसनांना लावून उरलेले तुकडे वर्कशॉपमधून लायब्ररीत यायचे. त्यामुळे आमची पुस्तकं हाताला आगगाडीच्या बाकांसारखी लागायची. हे हिरवं मी सतराव्या वर्षी, पुण्याला शिकायला निघताना, बाबांच्या कार्डावर घेतलं होतं. सुट्टीत परत आणते म्हणाले होते. त्याला अठरा वर्षं झाली.

"आई, ते माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे? जपानात?" मग म्हणाली, "आठ वाजता लायब्ररी उघडते. मी तिथे जाऊन व्हिडिओ लावते. दाखव त्यांना."

फोन ठेवला आणि मग मला आठवलं. ते पुस्तक माझ्याकडे होतं ते त्या सकाळी आठ वाजेपर्यंत.

इकडे कचरा वारानुसार वेगळा काढतात. गुरुवार कागदाचा. वर्तमानपत्रं वेगळी, खोकी वेगळी, पुस्तकं वेगळी, सगळी दोरीने बांधून कोपऱ्यावरच्या जाळीखाली ठेवायची. बाबांच्या तेराव्यानंतर परत आल्यापासून मला वाचता येत नव्हतं. ओळ सुरू व्हायची आणि मध्येच निसटायची. रविवारी मी मागच्या रांगेतली जुनी पुस्तकं, नावंसुद्धा न बघता, काढून बांधली. चार गठ्ठे झाले. नवऱ्याने ऑफिसला जाताना ते खाली नेऊन ठेवले होते.

मी बाल्कनीतून पाहिलं. कोपऱ्यावरची जाळी घडी घालून ठेवलेली होती, म्हणजे ट्रक येऊन गेला होता.

खाली धावले. त्या आठवड्यात देखरेखीची पाळी असलेले शेजारचे आजोबा झाडू मारत होते. पुस्तकांचा ट्रक, एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी झाडूनेच दिशा दाखवली. "आत्ता गेला. नदीकडे." मी सायकल घेतली. पुढच्या कोपऱ्यावर जाळी रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वळणावर, बांधाच्या अलीकडे, ट्रक उभा दिसला आणि एक जण मागे गठ्ठे फेकत होता.

"चूक झाली," मी जपानीत म्हणाले. "माझं पुस्तक आत आहे. माझं नाही, लायब्ररीचं आहे."

"दोरी कसली?"

"पांढरी."

त्याने आत पाहिलं. सगळ्याच दोऱ्या पांढऱ्या होत्या. त्याचा सोबती पुढे गाडीत बसून घड्याळ बघत होता.

"अक्षरं वेगळी आहेत," मी म्हणाले. मला पुढचे शब्द सुचेनात. मी हवेत एक आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली बोटांनी अक्षरं काढली.

"तारेवर कपडे वाळत घातल्यासारखी?" तो म्हणाला. "पाहिली मघाशी."

तो वर चढला. चार गठ्ठ्यांपैकी त्याला दोनच मिळाले. पहिल्यात नव्हतं. दुसऱ्याच्या तळाशी हिरवी कड दिसली आणि मी दोन्ही हात पुढे केले. "फार जुनं दिसतं," तो म्हणाला. "चांगलं आहे का?" मी मान हलवली. खरं म्हणजे मला ते आठवत नव्हतं.

घरी आले तेव्हा साडेदहा वाजत होते. तिकडे सात. वर्कशॉपचा भोंगा होत असणार. आमचं सगळं गाव त्या भोंग्यावर चाले. त्याच्या आधी रस्ते सायकलींनी भरायचे आणि नंतर एकदम रिकामे व्हायचे. नागपूरहून बंगालकडे लोहमार्ग टाकला गेला तेव्हा त्याच्यामागोमाग माणसंही गेली. तेलुगू, ओडिया, बिहारी आणि आमच्यासारखी नागपुरी मराठी. रेल्वे कंपनीच्या गोऱ्या साहेबांनी रुळांच्या एका बाजूला स्वतःसाठी बंगले बांधले, दुसऱ्या बाजूला आमच्यासाठी एकसारख्या चाळी. पाण्याची उंच टाकी, दवाखाना, शाळा, मैदान आणि इन्स्टिट्यूट, म्हणजे रेल्वेचा क्लब. इन्स्टिट्यूटमध्ये साहेबलोक नाचायचे ती लाकडी जमीन होती. तिच्यावर आम्ही पुढे कॅरम खेळलो, पूजेच्या दिवसांत खिचडी खाल्ली. मागच्या खोलीत लायब्ररी. सहा भाषांची सहा कपाटं. तेलुगू आणि ओडियाच्या मध्ये मराठीचं. मी शाळेत होते तेव्हा त्यातली पुस्तकं नेणारी पंधरा-वीस घरं होती. मुलं शिकून बाहेर गेली, घरं गावाकडे परतली. शेवटी आमचंच एक उरलं.

मी पुस्तक उघडलं. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी. शेवटचा शिक्का अठरा वर्षांपूर्वीचा, खाली कोरे रकाने. अठरा वर्षांचं थकलेलं पुस्तक. आणि लायब्ररीबाबू कुणालाच न सोडणारे. एकदा पान दुमडलं म्हणून त्यांनी मला महिनाभर पुस्तक दिलं नव्हतं. सही अडली तर ताबा अडणार, आणि ताबा अडला तर आई त्या रिकाम्या घरात बसून राहणार. तिला आता त्या घरात एक दिवससुद्धा नको होता.

साडेअकराला फोन वाजला. आधी छत दिसलं, मग पंखा, मग लायब्ररीबाबूंचा चष्मा. केस पांढरे झाले होते. बोलणं तसंच, बंगाली वळणाची हिंदी.

"पुठ्ठा दाखव. हं. आता पान एकतीस."

एकतिसाव्या पानावर आमच्या लायब्ररीचा चोरशिक्का, म्हणजे आत लपवून मारलेला शिक्का, असतो. कॉलनीतल्या प्रत्येक मुलाला ते माहीत होतं. मी पान उघडून फोनसमोर धरलं. जांभळा, लांबट गोल. होता.

"आमचंच आहे," ते आईला म्हणाले. तिला ते बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत. "पण बौदी, फोनमधलं पुस्तक मी जमा कसं करू? कपाटात काय ठेवू, फोन?"

"पण परवा ताबा आहे, बाबू. भाऊ टेम्पो घेऊन आला."

"पुस्तक आलं की सही."

मी मध्ये पडले. आजच पोस्टाने पाठवते म्हणाले. पोचायला किती दिवस, त्यांनी विचारलं. आठ-दहा, मी सांगितलं; ताबा तर परवाच होता. मग मी म्हणाले, "चूक माझी आहे. अठरा वर्षं थकलं ते माझ्यामुळे, बाबांना त्यात धरू नका."

"थकलं? कोण म्हणालं थकलं?"

त्यांनी वही फोनकडे वळवली. पानावर वरपासून खालपर्यंत एकच पुस्तक क्रमांक, चौदा-चौदा दिवसांच्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे बाबांची सही. आधी रेघ ओढून मग तिला खाली अक्षरं जोडणारी, नट आवळल्यासारखी घट्ट. त्यांनी पान उलटलं. पुन्हा तेच.

"ही चौथी वही," ते म्हणाले. "दर दुसऱ्या रविवारी."

"रविवारी ते मासळीला जायचे," आई म्हणाली.

"मासळी घेऊन इथे यायचे. पिशवी मी दाराबाहेर ठेवायला लावायचो."

"म्हणून उशीर! आणि मी समजत होते, पत्ते कुटत बसतात." तिने वही जवळ ओढली. "एकदा तर मी पिशवी तशीच फेकून दिली, नासली म्हणून. तरी बोलले नाहीत."

"मी त्यांना म्हणायचो, हरवलं लिहा, मोकळे व्हा. ते म्हणायचे, हरवलं नाही, मुलगी वाचतेय." लायब्ररीबाबूंनी चष्मा काढून पुसला. "आणि मलाही बरंच होतं. ज्या कपाटातलं पुस्तक वर्षभर कुणी नेत नाही, ते गोदामात जातं. मराठीचं कपाट त्या सहीवरच उभं आहे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं का वाचून?"

रेक्झिनवर दोरीचा वळ उमटला होता. मी त्याच्यावर अंगठा ठेवला. "नाही. अजून वाचतेय."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. अंगठा त्यांना दिसला की नाही, मला अजून माहीत नाही.

"असं करा, बौदी," ते म्हणाले. "तुम्ही कार्ड काढा. कामगाराच्या पत्नीला मिळतं. पुस्तक त्यांच्या कार्डावरून तुमच्या कार्डावर घेतो. त्यांचं कार्ड बंद करतो आणि आत्ता सही देतो. पण मुदत चौदा दिवस. पुस्तक इथे आलं पाहिजे, नाहीतर तुमची सही, या वहीत. फोनवर नाही."

आई रविवारच्या गाडीने कायमची निघणार होती. मला वाटलं, ती नको म्हणेल. फोन कलला होता आणि मला तिचा फक्त कान दिसत होता, कानामागे खोचलेली पांढरी बट.

"द्या कार्ड," ती म्हणाली. "चौदा दिवसांत मुलगी आणून देईल. स्वतः."

तिने मला विचारलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी चौथ्या दिवशी पोचले होते. विमान, सुट्टी, मुलीची शाळा, सगळी कारणं मी सांगितली होती आणि तिने सगळी ऐकून घेतली होती. एका शब्दाने बोलली नव्हती.

"तोवर तू राहशील कुठे?"

"शेजारच्या काकीमांकडे. सामान जाऊ दे मामाबरोबर." तिने फोन सरळ केला. आता सगळा चेहरा दिसला. "येशील ना?"

"येते."

तिने मान हलवली आणि बाबांच्या सहीखाली, नव्या ओळीवर, आपली सही केली. लायब्ररीबाबूंनी बाबांच्या कार्डावर दोन आडव्या रेघा मारल्या, तारीख घातली, मग आईचा कागद ओढून दहावी सही दिली.

"चिठ्ठीवर परतीची तारीख तूच लिही, मा," ते मला म्हणाले. "माझा शिक्का तिथवर पोचत नाही."

मी मुलीच्या दप्तरातली पेन्सिल घेतली आणि अठरा वर्षांपूर्वीच्या शिक्क्याखाली तारीख लिहिली.

आज सहावा दिवस आहे. तिकीट नवव्या दिवसाचं मिळालं. मी रोज थोडं वाचते. ओळी अजून निसटतात, तेव्हा परत मागे जाते. काल एकतिसावं पान आलं. आई काकीमांच्या ओसरीवरून फोन करते आणि आधी विचारते, कुठपर्यंत आलीस. मग म्हणते, लवकर संपव, इथे लायब्ररीबाबू विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

पुस्तक लायब्ररीत जमा करायचं, की मराठीचं कपाट टिकावं म्हणून आईला पुन्हा सही करायला सांगायचं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.