बिनकामाचं चालणं

आमच्या मामंजींच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा भाताची मळणी उरकलेली होती, एवढंच एक बरं झालं. पंधरवड्यात बोलणं सावरलं, हात हलू लागला, पण उजवा पाय फरफटायचा तो फरफटतच राहिला. मग ह्यांनी वडिलांना खानापुराकडच्या आमच्या गावाहून बेळगावला आणलं. हे शाळेत मास्तर होते आणि टिळकवाडीत आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं.

डॉक्टर म्हणाले, ह्यावर औषध असं नाही. रोज चालायचं, खंड पाडायचा नाही. पावसाळ्यापर्यंत पाय उचलू लागला तर ठीक, नाहीतर तो असाच राहील. मामंजींनी एकच विचारलं, "रोप लावाय चिखलात हुबा ऱ्हाईन का न्हाय?"

"ते तुमच्या हातात आहे," डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी शाळेतल्यासारखं वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. वडिलांना अक्षरओळख नाही हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नाही. चार दिवस मामंजी काठी टेकत वडगावच्या रस्त्याला गेले. मग काठी कोपऱ्यात आणि मामंजी घोंगड्यावर. ह्यांनी शिस्त आणि नियमितपणा ह्या विषयावर व्याख्यान दिलं. मामंजींनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. ह्यांना म्हटलं, "शाळंतली पोरं तरी ऐकत्यात काय हे?" ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण व्याख्यान थांबलं.

दुसऱ्या दिवशी विनवण्या करून मामंजींना उठवलं आणि भाजीचं निमित्त काढून चार पावलं मागून मी चालू लागले. तेव्हा खरी गोम कळली. वडगावच्या वाटेवर जो भेटेल तो विचारायचा, "मामा, कुठं निघालायसा?" आमच्याकडं हे विचारणं म्हणजे रामराम घालण्यासारखंच. पण मामंजी दर वेळी थबकायचे. शेतावर, बाजारला, सोयरिकीला, नाहीतर कुणाच्या मातीला, ह्यापलीकडं ते आयुष्यात कधी कुठं चालत गेले नव्हते. "हितंच, फिराय," असं ते पुटपुटले. त्यावर एका विणकरानं मायेनंच विचारलं, "घरात काय वाजलं काय, मामा?"

मामंजी तिथूनच माघारी वळले. घरी आल्यावर मी म्हटलं, "हितले वकीलबी फिरत्यात की संध्याकाळचं."

"त्यास्नी काम न्हाय. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," मामंजी म्हणाले.

वडगावात एका विणकरणीकडं मी लुगडं विणायला सांगितलं होतं. ते अजून मागावरही चढलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी सकाळी उठून म्हटलं, "मामंजी, माझं लुगडं कुठवर आलंय तेवढं बघून येतासा? मला घर सोडता येत न्हाय." मामंजी उठले, पटका बांधला आणि गेले. चांगले दीड तासानं घामाघूम होऊन आले. "चढलं न्हाय अजून. सूत आलं न्हाय म्हणती," त्यांनी खबर दिली. चेहरा कसा, बाजार करून आलेल्या माणसाचा.

उद्याला विचारायला "सूत आलं काय" हे झालंच. परवाला काठाचा रंग. पुढं मला डोकं चालवावंच लागलं नाही. ती विणकरीण पोरवडा आणि माग ह्यांत अडकलेली. तीच कामं सांगू लागली. आमच्या परसात कढीलिंब होता. रोज सकाळी तिच्यासाठी त्याचे दोन डहाळे धोतराच्या सोग्यात घेऊन मामंजी निघायचे. एकदा अंगात कणकण होती म्हणून मी अडवलं, तर म्हणाले, "ती पोर कढी करायची थांबली असंल की गं." आणि गेले. मृग निघायच्या आत पाय उचलू लागला. डॉक्टरांनी मास्तरांच्या शिस्तीची तारीफ केली. ह्यांनी ती मान खाली घालून ऐकून घेतली.

मामंजी गावी गेले आणि आम्ही निर्धास्त झालो.

दिवाळीला गेलो तर मामंजी सोप्यात बाजेवर. पाठीला लोड, पायावर चादर. परसाकडं जायला उठले तेव्हा पाहिलं, पाय पुन्हा फरफटत होता. जाऊबाई मोठ्या अभिमानानं सांगत होत्या, "पाण्याचा तांब्यासुदीक उचलू देत न्हाय मी आप्पास्नी." लावणीला ते शेतात गेले होते म्हणे, पण मोठ्या दिरांनी त्यांना चिखलात उतरूच दिलं नाही. बांधावर घोंगडं अंथरून बसवलं. आजारातून उठलेला बाप चिखलात उभा, हे गावात शोभणारं नव्हतं. कुणाचं काही चुकत होतं असं नाही. सगळे मानानंच वागवत होते, आणि त्या मानापायी माणूस वाळत चालला होता. मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. मामंजी माझ्याशी धड बोललेसुद्धा नाहीत.

पाडव्याला सोपा भरलेला होता, शेजारपाजारचे फराळाला आलेले. मी बाजेपुढं उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "मामंजी, भात कुठवर पिकलंय ते बघून या. आणि चार लोंब्या घेऊन या मला."

खाणारांचे हात थांबले. ह्यांनी डोळे वटारले. जाऊबाई पुढं आल्या, "सासऱ्याला कामं सांगतीस व्हय गं? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत आक्का. पाय गेला तर लोक आणून देणार हाईत काय?"

मामंजींनी चादर बाजूला सारली. भिंत धरून उभे राहिले, खुंटीवरचा पटका काढून सावकाश बांधला. मोठे दीर हात द्यायला सरसावले, तो त्यांनी झिडकारला. उंबऱ्यापाशी येऊन माझ्याकडं वळले. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"दिवाळीपातूर वाट बघाय लावलीस व्हय गं?"