खालच्या वहिनींची रांगोळी

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या वहिनी रोज दारात रांगोळी काढतात. कौतुक केलं की लगेच म्हणतात, "छे गं, मोर माझ्या जावेचा. कमळं तेवढी माझी." भाजीची वाटी देतानाही आधी कृती कुणाची ते सांगतात.

मी त्यांच्या रांगोळीचा फोटो न विचारताच माझ्या वेबसाइटवर लावला. खाली फक्त माझं नाव आणि 'सर्व हक्क राखीव'. काल त्यांनी तो फोनवर पाहिला. संध्याकाळी जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाल्या, "झकास दिसतेय गं. पण भाचीच्या साखरपुड्याला मला हीच काढायची होती. काढली तर चालेल ना तुला?"

हा टोमणा असता तर बरं झालं असतं. वहिनी खरंच माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.