उंबऱ्यावरची तीन वाक्यं

किस्से एकेकटे राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे. एक सांगितला की त्याला धरून चार येतात, आणि पाचव्यात सांगणाऱ्याची थोडी भर पडलेली असते. म्हणून आधीच नोंदवतो : पुढचे पहिले चार माझ्या डोळ्यांदेखत घडले आहेत. शेवटचा मी यंदा दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी, मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर, गणेशकडून ऐकला. गणेश ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर सोडणारा ट्रक चालवतो आणि वडवणीत माझ्याबरोबर कोरियन शिकतो.

वर्ग बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत भरतो. शिकवणाऱ्या नंदा मॅडम पुण्याकडे एका कोरियन कारखान्यात दुभाषी होत्या. आम्ही सातजण आहोत, त्यात एम.ए. झालेला मी एकटाच, आणि हुशार मात्र सविता.

* * *

खालचे चहावाले अण्णा पहिल्याच आठवड्यात सविताला म्हणाले, "कावून शिकती गं हे? तिकडं कोरियात ऊस हाय का?"

सविताचे आईवडील ऊसतोडीला जातात. तिने कप खाली ठेवला.

"न्हाई, अण्णा. म्हणूनच शिकते!"

* * *

मॅडमचा एक नियम आहे. उंबऱ्यावर थांबायचं, काल काय केलं ते तीन वाक्यांत कोरियनमध्ये सांगायचं, मगच आत यायचं. तेही आदरार्थी भूतकाळात. रूप अवघड नाही. धातूचा शेवटचा स्वर 'आ' किंवा 'ओ' असेल तर 'आस्सॉयो' जोडायचं, दुसरा कुठला असेल तर 'ऑस्सॉयो'. आणि 'हादा', म्हणजे करणे, याचं 'हेस्सॉयो' होतं. शेवटचा 'यो' हा समोरच्याचा मान. तो गाळला, की मॅडम पुन्हा जिन्याखाली पाठवतात.

गणेश तिसऱ्यांदा जिना चढून आला तेव्हा वैतागला होता. "मॅडम, आमच्याकडं एवढं अदबीनं बोललं की माणूस इचारतो, इलेक्शन लागलं का!"

"मग मत मागतोयस असं समज."

गणेशने हात जोडले आणि तिन्ही वाक्यं बिनचूक म्हटली!

* * *

पुढे सगळ्यांची वाक्यं एकच होऊ लागली. उठलो, जेवलो, आलो. मॅडम चिडल्या. "काल तुमच्या आयुष्यात काहीच झालं नाही?"

दुसऱ्या दिवशी सविता उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "काल मी 'नाही' म्हटलं."

"कुणाला?"

"भिंतीला. सराव करत होते."

कारण नंतर कळलं. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तिची वहिनी बाळंतपणाला गेल्याने भावाचा कोयता अर्धा पडला होता, आणि तो पुरा करायला घरचे सविताकडे पाहत होते. गेली असती तर सहा महिने गेले असते. आणि कोरियनची परीक्षा त्याच सहा महिन्यांत होती.

* * *

मग एका दुपारी टोळी जमवणारे बापू मुकादम स्वतःच जिना चढून आले.

"सविता, चल. यादी झाली. सोमवारी गाडी निघती."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "या ना, काका. पण आमचा नियम आहे. काल काय केलंत ते आधी सांगायचं."

"मला कुठं येतंय तुमचं कोरियन?"

"मराठीत सांगा. पुढचं आम्ही करतो."

मुकादमांना त्यात गैर काही वाटलं नसावं. "काल पाटोद्याला गेलतो. हिच्या भावाला भेटलो. यादीत हिचं नाव लिहिलं."

आम्ही एकसुरात रूपं केली. "कास्सॉयो! मान्नास्सॉयो! स्सॉस्सॉयो!" मॅडमनी ती फळ्यावर लिहिली. मग सविता उठली, खडू घेतला आणि खाली चौथं वाक्य लिहिलं.

"हे काय लिहिलं गं?"

"तुमचंच हाय, काका. सांगायचं राहिलतं. 'हिला विचारलं न्हाई.' बगा, 'यो' लावलाय. मान ठिवूनच लिहिलंय."

मुकादम फळ्याकडून सविताकडे वळले.

"मंग आता इचारतो. येतीस का?"

"न्हाई."

भिंतीवरचा सराव चांगला झाला होता. मुकादम उंबरा न ओलांडताच खाली उतरले.

* * *

आता गणेशने सांगितलेलं. सोमवारी ट्रक मांजरसुंब्याला थांबला. मुकादमांनी यादी वाचायला घेतली. सविताच्या भावाच्या नावाशी आले आणि म्हणाले, "अर्धा कोयता."

मागून कुणीतरी ओरडलं, "अर्धा कावून? बहीण हाय की यादीत!"

मुकादमांनी खिशातून पेन काढलं, एका नावावर रेघ मारली आणि म्हणाले, "तिला विचारलं नव्हतं."

मग जरा थांबून, "यो."

टोळीतल्या दोघांना मी फोन करून विचारलं. रेघ दोघांनीही पाहिली आहे, वाक्य दोघांनीही ऐकलं आहे. 'यो' मात्र एकट्या गणेशनेच ऐकला.