अण्णांचा अर्धा पदर

मागावर बसण्याआधी नागेशअण्णा चपला खड्ड्याच्या डाव्या बाजूला, टाचा भिंतीकडे करून ठेवत. शहापुरातल्या आमच्या गल्लीत हातमागाचा खड्डा राहिलेलं ते एकच घर. बाकी सगळीकडे यंत्रमागांचा खडखडाट. खड्ड्यात पाय सोडून बसलेले अण्णा कमरेपासून वरच दिसायचे. "अर्धा मी जमिनीतच हाय, ऱ्हायलेल्या अर्ध्याचं काय भ्या?" म्हणायचे आणि आडव्या धाग्याचा धोटा फेकायचे.

मी वारसा केंद्रात कारकून. विणकाम दाखवून पर्यटक आणायचे, भागाचा विकास साधायचा असं वर ठरलं, तेव्हा मीच अण्णांना गळ घातली. माग केंद्राला द्या, तिथं खड्डा खणून बसवू, सूत केंद्र देईल, तिथंच विणा. म्हातारा राजी झाला तो एका साडीपायी. नात पूजाला लग्नात आपल्या हातची साडी नेसवायची होती.

साडी पदरापर्यंत आली आणि केंद्राच्या साहेबांचा हुकूम सुटला. लोकांना पदर विणला जातानाच दिसला पाहिजे. साडी उतरली तर नवी चढेपर्यंत माग रिकामा दिसेल. मग अण्णा दिवसभर पदर विणायचे आणि संध्याकाळी तेच आडवे धागे एकेक करून ओढून काढायचे. साडी पुरी करू द्या म्हणून मी दोनदा अर्ज केला. माग आता केंद्राचा आहे, एवढंच उत्तर आलं. मी अण्णांना म्हटलं, सोडून द्या, घरी बसा.

"माग हितं, अन् घरी बसून काय भिंतीवर धोटा मारू रं?"

पूजा दुकानातली साडी नेसून बोहल्यावर उभी राहिली. अण्णांनी अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी दहाला खड्ड्यात उतरले. संध्याकाळी धागे ओढता ओढता म्हणाले, "मागावरलं अर्धं टाकून विणकरानं मरू न्हाय, असं आमच्यात म्हणत्यात. तू तर मला मरायचीबी सोय ठिवली न्हाईस." ते हसत होते. मी ओढलेले धागे गोळा करायला लागलो.

पुढे एका दुपारी ते मागावरच कलंडले. दवाखान्यात नेलं, पण परतले नाहीत. पूजा येऊन म्हणाली, काका, तेवढा पदर कुणाकडून तरी पुरा करून घ्या. गल्लीत हातानं विणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि साहेबांचा हुकूम तर तोच होता.

चपला इथंच राहिल्या. साहेबांच्या सांगण्यावरून रोज सकाळी मी त्या पुसून खड्ड्याच्या डाव्या बाजूला, टाचा भिंतीकडे करून ठेवतो. पाहुणे अर्ध्या पदराचे फोटो काढतात आणि विणकर कुठं आहेत म्हणून विचारतात.

मी सांगतो, जेवायला गेलेत.