तीन आणि पाच नंबरचा ढीग

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी बाहेर जिलेबी खाऊन आलो तेही मिशांवरून कळतं! तुम्हाला सांगतो. पण आधीच बजावतो, मी रडणार नाही.

मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आहे. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन बोटांनी धागा ओढून पाहायचा, सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजली तर माल वाळलेला, नुसतीच चेपली तर ओला. यंत्रं आली, तरी वाद पेटला की हाक मलाच. शिवाय मी कॉलेजांत व्याख्यानं देतो — व्यक्तिमत्त्व, करिअर, वगैरे. पोरं हसतात, टाळ्या वाजवतात. का वाजवू नयेत? मी आहेच तसा!

माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट शालूची. शिकत असताना आम्ही दोघं महादेवमामांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकायला होतो. मामा याच जिनिंगमधले जुने ग्रेडर. हंगामाच्या शेवटी आमच्यातून एकालाच ठेवणार होते. परीक्षेला कापसाचे सहा ढीग, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी; नंबरासमोर त्या ढिगाची प्रत लिहायची, उत्तरं मामांच्या डायरीत. माझं एक उत्तर चुकलं, शालूची दोन. ‘तिच्या हातात कसब होतं,’ मी व्याख्यानात सांगतो, ‘पण ऐन वेळी घाई केली.’ पोरं वहीत उतरवून घेतात.

घाई? शालूनं? ती तर नळावर हात धूत होती. घामेजल्या बोटांना धागा खोटं सांगतो, म्हणून मामांचा नियम — हात धुवायचे, पुसायचे, वाळू द्यायचे, मगच कापसाला लावायचे. माझी पाळी आधी झाली होती. मी धुतले नव्हते. मामा वजनकाट्यावर. खोलीत मी एकटा. आणि ती हात किती वेळ वाळवते, हे मला पाठ होतं.

मी तीन नंबरची चिठ्ठी पाचव्या ढिगावर ठेवली. पाचची तिसऱ्यावर. शालू आली, तपासलं, लिहिलं, कागद द्यायला बाहेर गेली — आणि चिठ्ठ्या पुन्हा जागच्या जागी. एवढंच. किती सोपं होतं, सांगू?

मामांनी कागद डायरीशी ताडून पाहिला. “शालू, घाई काऊन केली वं पोरी?”

ती भांडली असती तर? पुन्हा तपासू द्या म्हणाली असती तर? पण ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली — जणू ती बोटं दुसऱ्याच कोणाची होती. “चुकलंच असंन माह्यं, मामा. मले नाई जमत हे.”

ती अल्लीपूरला परत गेली. कोणत्याच जिनिंगमध्ये पुन्हा दिसली नाही.

नीच आहेस, म्हणाल. म्हणा की! मी उत्तम ग्रेडर झालो, हे कोणी नाकारून दाखवावं. ती माझ्याहून उत्तम झाली असती, हेही मीच सांगतो. तिची सहाच्या सहा उत्तरं बरोबर होती. मला वाईट वाटतं का? वाटतं तेव्हा वाटतं. व्याख्यान मात्र त्यामुळे एकदाही पडलेलं नाही.

मागच्या महिन्यात अल्लीपूरकडच्याच एका कॉलेजात बोलावलं होतं. पालकही होते. नाव न घेता मी ती गोष्ट रंगवली, नेहमीपेक्षा जास्तच. संपल्यावर एक बाई मुलीला घेऊन पुढं आली.

“सर, ओळखलं काय? शालू.”

मी हातातला गुच्छ टेबलावर ठेवला. ती मुलीकडे वळली. “थे पोरगी मीच होय बरं. सर खरं सांगून राह्यले. म्या घाई केलती. तू नोको करू.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, “आईचं ऐक, बेटा.”